महिला मंडळातली सेवा आणि रुसवेफुगवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर, नाशिकरोड, देवळाली आणि आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळ, गायनवृंद, संडेस्कूल किंवा स्वयंपाकाची सेवा करणाऱ्या बहिणींसाठी हे लिहिलं आहे. यातले बरेचसे प्रश्न सभेत कुणी विचारत नाही. सभा संपल्यावर, दाराशी चपला घालताना विचारले जातात.

“बाईच बाईची वैरी” म्हणतात, ते मंडळीत तरी खरं आहे का?

नाही. आणि हे वाक्य आपल्या तोंडून जितक्या लवकर जाईल तितकं बरं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत दोन पुरुषांचं पटलं नाही तर त्याला मतभेद म्हणतात, फार तर राजकारण म्हणतात. महिला मंडळात दोघींचं पटलं नाही की लगेच “बायकांचं हे असंच.” एकदा असं म्हटलं की भांडणाचं कारण शोधायची कुणाला गरजच उरत नाही.

कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. मानाची कामं थोडी, करू पाहणाऱ्या पुष्कळ, आणि कुठलं काम कुणाकडे, किती वर्षं, हे कुठेही लिहिलेलं नसतं. नाताळच्या उपासनेत एकटीनं गायची जागा एक. संडेस्कूलची सुपरिंटेंडेंट एक. जिच्याकडे ते काम आहे तिला वाटतं, हे सुटलं की मंडळीत आपल्याला कोण विचारणार? जिला ते हवं आहे तिला वाटतं, ही काही जिवंतपणी सोडत नाही. दोघी भल्या असतात, दोघी उपवास-प्रार्थना करणाऱ्या असतात. म्हणून नुसतं “प्रेमानं राहा” सांगून भागत नाही. कामाची आळीपाळी ठरवावी लागते, ठरलेलं वहीत उतरवावं लागतं, आणि जे बोलायचं ते जिच्याबद्दल आहे तिच्याशी बोलावं लागतं. खाली जे काही सांगितलंय ते फिरून फिरून इथेच येतं.

वेदीच्या कपाटाची चावी कित्येक वर्षं एकाच काकूंकडे आहे. त्या कुणाला हात लावू देत नाहीत. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी कपाटात काय आहे ते बघा. चार रंगांची वेदीवस्त्रं: नाताळआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ यांसाठी जांभळं, नाताळ आणि ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला लाल, बाकी बराच काळ हिरवं. पितळी मेणबत्तीदाण्या, ज्या पितांबरीनं घासल्या तर चमकतात पण नक्षीत पांढरी पूड राहते, ती जुन्या टूथब्रशनं काढावी लागते. प्रभुभोजनाचे रुमाल, ज्यांच्यावरचा द्राक्षरसाचा डाग आधी गार पाण्यात काढायचा, मग साबण, मग हलकी खळ, आणि इस्त्री उलट्या बाजूनं. हे सगळं काकूंना पाठ आहे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वेदी उघडी ठेवायची की काळं वस्त्र घालायचं, झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या कुणाच्या मळ्यातून आणायच्या, दसरा-दिवाळीत झेंडू महाग झाला की फुलबाजारात कुणाकडे जायचं, हेही त्यांनाच ठाऊक. तिशीतल्या बाईनं येऊन “काकू, आता आम्हाला द्या” म्हटलं की त्यांना ऐकू येतं ते एवढंच: तुमचं झालं.

म्हणून चावी मागू नका, काम शिकवायला सांगा. “काकू, रुमाल धुवायचे ते मला दाखवाल का? मी शनिवारी येते.” आणि खरोखर शनिवारी जा. त्या सांगतील ते वहीत लिहून घ्या, वहीवर त्यांचं नाव घाला. दोन-तीन महिने असे गेले की दुसऱ्या चावीचा विषय सभेत काढा. काकूंच्या एकट्या कपाटाचा नको, सगळ्याच कुलपांचा काढा: भांड्यांचं कपाट, गीतपुस्तकांची पेटी, हार्मोनियमची खोली. प्रत्येकाची दुसरी चावी, प्रत्येक कामाला एक जोडीदार, प्रत्येक जबाबदारी ठरलेल्या मुदतीची. ठराव लिहा. मग तो कुणा एकीवर रोख धरून केला असं राहत नाही.

तरीही काकूंनी नाही म्हटलं तर? एखाद्या काकू म्हणतीलच. अशा वेळी त्यांच्या वयाची, त्यांच्या मानाची एखादी बाई त्यांच्याकडे पाठवा. तरुणींचं शिष्टमंडळ नेऊ नका.

“प्रार्थनेसाठी सांगते हं” म्हणून कुणाच्या घरातलं सांगितलं जातं. ही चहाडी म्हणायची की काळजी?

घरगुती प्रार्थनासभा संपलेली असते. पोह्यांच्या बशा फिरत असतात. तेवढ्यात एक ताई आवाज खाली आणून म्हणते, “तिच्या मोठ्या मुलासाठी प्रार्थना करा बरं का. सून माहेरी गेलीय. कोर्टाचं चाललंय म्हणे.” पाच जणी “अरे देवा” म्हणतात, त्यातल्या दोघी खरोखर प्रार्थना करतात, आणि रविवारपर्यंत सातपूरपासून जेलरोडपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. ती आई रविवारी उपासनेला येते तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून कुणीतरी म्हणतं, “आम्ही प्रार्थना करतोय हं.” तिला तिथेच कळतं काय झालंय ते. पुढच्या रविवारी ती मागच्या बाकावर बसते, त्याच्या पुढच्या रविवारी येतच नाही.

काळजी आणि चहाडी यांतला फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: तिला विचारून सांगताय का? विचारलं नसेल तर नाव न घेता प्रार्थना करा. देवाला पत्ता सांगावा लागत नाही. ऐकणाऱ्या बाईलाही हे काम आहे. “तिनं सांगायला सांगितलंय का गं?” एवढं सहज विचारलं तरी पुढचं वाक्य बहुतेक वेळा गळ्यातच राहतं. चारचौघांत सांगणारीचा पाणउतारा करायची गरज नाही.

आणि बातमी फुटलीच असेल, तर जिनं फोडली तिनंच आधी त्या घरी जावं. बायबलमध्ये मत्तयाच्या 18 व्या अध्यायात प्रभूनं क्रम घालून दिला आहे: आधी दोघांनी एकांतात, नाही जमलं तर एक-दोघांना बरोबर घेऊन, आणि मगच मंडळीसमोर. आपल्याकडे नेमका हाच क्रम उलटा चालतो.

मला मिळायची ती जागा तिला मिळाली. मनातून जळते आहे. हे पाप आहे का?

वाटणं आपल्या हातात नसतं, पुढचं असतं. पनिन्ना आणि हन्नाची गोष्ट आठवा. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पनिन्ना आपल्या मूल नसलेल्या सवतीला, हन्नाला, वर्षानुवर्षं टोचून बोलते, तेही दरवर्षी देवाच्या मंदिरात जायच्या वेळी. म्हणजे उपासनेची जागा आणि टोमण्याची जागा एकच असणं काही नवीन नाही.

व्यवहारात इतकंच करा. ज्या बाईवर विश्वास आहे अशा एकीला मनातलं सांगा, तिघींना नाही. आणि जिला जागा मिळाली तिचं कौतुक करताना “पण” घालू नका. “छान गायलीस गं, पण वरच्या पट्टीत जरा...” हे कौतुक झालं नाही. पट्टीबद्दल सांगायचंच असेल तर बुधवारच्या सरावात सांगा, नाताळच्या सकाळी दारात नको.

गायनवृंद चालवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. एकटीनं गायचं कुणी हे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ऐनवेळी ठरवू नका. नोव्हेंबरात सांगा, कशावरून निवडलं ते सांगा, आणि एकीला सलग दोन वर्षं देऊ नका. निम्मी जळफळ इथेच विझते.

बायबलमध्ये भांडलेल्या बायकांना कुणी समजावलं आहे का?

फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडा. युवदीया आणि सुंतुखे अशा दोघी. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, प्रत्येकीचं नाव घेऊन: प्रभूच्या ठायी एकचित्त व्हा. भांडण कशावरून होतं ते तो सांगत नाही. चूक कुणाची तेही सांगत नाही. पत्र सगळ्या मंडळीत वाचलं जाणार हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं एकीला वर आणि एकीला खाली बसवलं नाही. उलट या दोघी सुवार्तेच्या कामात माझ्याबरोबर झटल्या, यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं लिहिलं. आणि तिसऱ्या एका सोबत्याला सांगितलं की यांना मदत कर.

या तिसऱ्या माणसाकडे आपलं लक्षच जात नाही. दोघींचं बिनसलं की बाकीच्या एक तर बाजू घेतात, नाही तर “आपल्याला काय करायचंय” म्हणून पदर झटकतात. दोघींशी ज्याचं बरं आहे अशा कुणीतरी मध्ये पडायला हवं, आणि तेही निवाडा करायला नव्हे.

मार्था आणि मरीयेबद्दल नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. मार्थेचं काम चुकीचं नव्हतं, पाहुणे आले की कुणाला तरी चूल पेटवावीच लागते. पण तिनं बहिणीला “जरा हात लाव गं” म्हटलं नाही, थेट पाहुण्याकडे, म्हणजे येशूकडे, त्याचं ऐकत बसलेल्या मरीयेची तक्रार केली. महिला मंडळातल्या कितीतरी तक्रारी पाळकसाहेबांच्या दारात अशाच पोचतात. याउलट दुसरी मरीया, येशूची आई, पोटुशी असताना डोंगराळ प्रदेशात आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे गेली. अलीशिबा वयानं मोठी, याजकाची बायको, तीही कित्येक वर्षांनी गरोदर. धाकटीला मोठा मान मिळाला हे ऐकून ती आनंदानं मोठ्यानं बोलली, आणि मरीया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली. मोठीनं धाकटीचा मान मनापासून मान्य केला, तो असा.

पाळकसाहेबांच्या मिसेसच अध्यक्ष असायला हव्यात का?

बऱ्याच ठिकाणी तशी रीत आहे. त्यांना मनापासून ते हवं असेल तर उत्तम. पण कित्येक जणी शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करतात, बदली होऊन नव्या गावात आलेल्या असतात, मुलांच्या शाळा बदललेल्या असतात, आणि आल्याआल्या पहिल्याच सभेत त्यांच्या गळ्यात अध्यक्षपदाची माळ पडते. मग आधीच्या मिसेस कशा होत्या याची उजळणी सुरू होते. “त्या मॅडम स्वतः करंज्या तळायला बसायच्या.” कृपा करून हे त्यांच्यासमोर नको. त्यांच्या माघारीही नको.

त्यांना आधी विचारा की काय करायला आवडेल. “सध्या काहीच नाही” हेही उत्तर चालतं.

मी लग्न होऊन, बदली होऊन इथे आले. “तुमच्याकडे तसं असेल, आमच्याकडे असं नाही” हे ऐकून कंटाळले.

अहिल्यानगर, जालना, मनमाड, संभाजीनगर, कुठून कुठून बायका इथे येतात. कुणाच्या नवऱ्याला अंबडच्या कारखान्यात नोकरी लागते, कुणी स्वतः नर्स म्हणून येते. चाल वेगळी, प्रार्थना म्हणायची लकब वेगळी, ख्रिसमसच्या फराळात काय असतं तेही वेगळं.

“आमच्याकडे” म्हणणाऱ्यांनी एक आठवावं. नाशिकच्या ख्रिस्ती वस्तीची सुरुवातच बाहेरून आलेल्यांची आहे. शरणपूर वसलं ते 1850 च्या दशकात, चर्च मिशनरी सोसायटीच्या कामातून. तिथे अनाथ मुलं होती, धर्मांतरानंतर घर तुटलेली माणसं होती, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेताना समुद्रावर सोडवलेली मुलंमुलीही होती. त्यातले काही पुढे 1870 च्या दशकात आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन या सोडवलेल्या गुलामांच्या वस्तीत गेले. इतक्या लांबून आलेल्यांच्या वस्तीवरून ज्या शरणपूर रोडला नाव पडलं, त्या रस्त्यावर उभं राहून जालन्याच्या सुनेला परकी म्हणणं जरा अतीच होतं.

नव्या बाईसाठी सूचना एकच: पहिलं वर्ष “आमच्या मंडळीत असं करायचे” हे वाक्य जरा कमी वापरा. करून दाखवा. चांगलं असेल तर दुसऱ्या वर्षी तेच “आमच्याकडचं” होतं.

सभा बुधवारी दुपारी तीनला असते. नोकरीवाल्या येऊ शकत नाहीत आणि मग त्यांना “हौशी” म्हणतात.

महिन्यातली एक सभा रविवारी उपासनेनंतर घ्या. नोकरीवालीनं निदान रजिस्टर, पत्रव्यवहार, बँक असं घरून होणारं काम घ्यावं. आणि घरी असणारीला वेळच वेळ असतो हा गैरसमज सोडावा.

हिशोबावरून शंका घेतल्या जातात. काय करावं?

शंका येऊच नये असा हिशोब ठेवा. खातं मंडळाच्या नावानं, पैसे काढायला दोघींच्या सह्या, हंगामाच्या सणाला आलेल्या वस्तूंच्या लिलावाची वही त्याच दिवशी बंद, आणि दर तीन महिन्यांनी हिशोब सभेत वाचलेला. आपल्या बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता आणि कामकाज ट्रस्टच्या नावानं असतं, आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायद्याखाली ट्रस्टला हिशोब तपासून घ्यावे लागतात. महिला मंडळाचा डबा त्यातून सुटलेला नाही. खजिनदार बाईचा प्रामाणिकपणा हा सभेत चर्चेचा विषय होता कामा नये. वही होऊ शकते.

काम मी केलं, नाव तिचं झालं.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार बायकामुलींच्या आश्रमात, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. छपाई तिथल्याच छापखान्यात झाली, आणि त्या कामात मुक्तीतल्याच बायकामुलींचे हात होते. आज रमाबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि असायलाच हवं. पण ओळीन् ओळ छपाईचे खिळे जुळवणाऱ्या त्या मुलींची नावं किती जणींना सांगता येतील?

तीस बायकांच्या मंडळात हे घडायचं कारण नाही. वार्षिक अहवालात “महिला मंडळानं प्रीतिभोजन केलं” एवढंच लिहू नका. कांदा कुणी चिरला, भांडी कुणी घासली, आचाऱ्याशी घासाघीस कुणी केली, लिहा. अर्धं पान जास्त लागेल. नाव राहून गेलं तर पुढच्या रविवारी जाहीर घ्या.

आणि तुमचं नाव राहिलं असेल तर स्वतः सांगा, “माझं राहिलं बघा.” तीन महिने तोंड फुगवून बसण्यापेक्षा हे कमी लाजिरवाणं आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फार होतं.

चूक दाखवायची असेल तर फोन करा, कौतुक ग्रुपवर. रात्री दहानंतर दोन्ही नको. “काही जणींनी समजून घ्यावं” असा नाव न घेता टाकलेला वचनाचा फोटो ही या सगळ्यातली सर्वांत वाईट रीत आहे, कारण तो वाचून नऊ जणींना वाटतं की आपल्यालाच म्हटलं.

यात पुरुषांचा काही संबंध नाही का?

आहे, आणि मोठा आहे. मंडळीतली ठरवायची कामं पुरुषांकडे आणि राबायची कामं बायकांकडे असली की बायकांमध्ये स्वयंपाकघर, फुलं आणि गाणी एवढ्यावरच ओढाताण होते. जागा वाढवा, ओढाताण कमी होईल. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात स्थापन झालं, आणि आज त्यात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. चर्च ऑफ साऊथ इंडियात 2013 मध्ये नंद्यालच्या धर्मप्रांतात पहिल्या स्त्री बिशप झाल्या. कॅथलिक चर्चमध्ये जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर खुली केली. तेव्हा पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत बाई उभी राहिली तर आधी तिला मत द्यायचं का ते बघा, तिची साडी नंतर बघा. आणि “तुमचं तुम्ही बघून घ्या” म्हणणाऱ्या कमिटीला एकदा विचारा, संडेस्कूलसाठी पैसे किती मंजूर केले?

दुसऱ्या पंथाच्या बायकांबरोबर काही करता येतं का?

मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन. दरवर्षी एका देशातल्या ख्रिस्ती बायका उपासनेचा क्रम लिहितात आणि जगभर तोच म्हटला जातो. 2024 चा पॅलेस्टाइनच्या बायकांनी लिहिला होता, इफिसकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायावर, प्रेमानं एकमेकांचं सहन करा या विषयावर. 2025 चा कुक बेटांवरच्या बायकांनी, 2026 चा नायजेरियातल्या. शरणपूर रोड, त्र्यंबक नाका, नाशिकरोड, देवळाली कॅम्प, सगळीकडच्या बायकांना एकत्र यायला याहून सोपं निमित्त नाही. फक्त यजमानपद फिरतं ठेवा, आणि चहा यजमानांनीच करायचा हा नियम मोडा. पाहुण्या मंडळीनं डबे आणावेत.

हे रुसवेफुगवे नाहीत, छळ आहे, असं कधी समजायचं?

एकीला सगळ्यांनी मिळून वाळीत टाकलं असेल, तिच्या चारित्र्यावर बोललं जात असेल, धमक्या येत असतील, किंवा अधिकारपदावरचा पुरुष त्रास देत असेल आणि बायकाच तिला “मंडळीची बदनामी नको” म्हणून गप्प बसवत असतील, तर वर लिहिलेलं काहीही लागू होत नाही. तिथे एकचित्त व्हायला सांगू नका. चर्चची शाळा, वसतिगृह, दवाखाना ही कामाची ठिकाणं आहेत आणि तिथे लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच. माणसं दहापेक्षा कमी असल्यानं समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते. महिला हेल्पलाइनचा नंबर 181. तिच्याबरोबर जायला एक तरी बाई तयार ठेवा, कारण पोलीस चौकीच्या पायरीवर एकटीनं चढणं अवघड असतं.

हे आमच्या मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं तर चालेल का?

चालेल. दोन-तीन प्रश्न निवडा, सगळं एका बैठकीत नको. वाचताना कुणाकडे बघू नका.